श्वान परीक्षेला केव्हा सज्ज होतो?

दुकानात नवा माणूस ठेवताना त्याला हिशेब येतो की नाही, हे अर्ध्या तासात कळते. पण सणासुदीच्या गर्दीत एखाद्या गिऱ्हाइकाने आवाज चढवला असता तो कसा वागेल, हे कळण्यास काही महिने जावे लागतात. शिकवलेली गोष्ट आणि मूळचा स्वभाव यांत असे अंतर असते. श्वानांच्या बाबतीतही ते तितकेच खरे आहे. अमेरिकेत या दोन गोष्टींसाठी दोन स्वतंत्र परीक्षा रूढ आहेत. आपला श्वान त्यांना बसवावा की अजून थांबावे, या प्रश्नाचा तेथील जाणते पालक ज्या रीतीने विचार करतात, ती रीत आपल्याकडील श्वानप्रेमी कुटुंबांनीही लक्षात घेण्याजोगी आहे.

शिष्टाचाराची परीक्षा

अमेरिकन केनेल क्लबने 1989 मध्ये ‘कनाइन गुड सिटिझन’ ही परीक्षा सुरू केली. शुद्ध वंशाच्या श्वानांप्रमाणेच मिश्र वंशाच्या श्वानांनाही ती खुली आहे. तीत दहा कसोट्या असतात. अनोळखी व्यक्ती पालकाशी बोलत असता शांत राहणे, परक्या हाताने कुरवाळून घेणे, अंगावर ब्रश फिरवू देणे व कान-पंजे तपासू देणे, दोरी सैल ठेवून चालणे, माणसांच्या घोळक्यातून जाणे, सांगितल्यावर बसणे, आडवे होणे व जागेवर थांबणे, 10 फुटांवरून हाक मारताच येणे, दुसरा श्वान समोर आला तरी संयम राखणे, अचानक झालेल्या आवाजाने वा हालचालीने घाबरून न जाणे, आणि पालक दृष्टिआड असताना परक्या व्यक्तीजवळ 3 मिनिटे स्वस्थ राहणे, अशा त्या आहेत.

परीक्षेच्या वेळी पालक गोड बोलून धीर देऊ शकतो, शाबासकीही देऊ शकतो. खाऊ अथवा खेळणे मात्र दाखवता येत नाही. श्वान माणसावर किंवा दुसऱ्या श्वानावर गुरगुरला अथवा चावण्यास धावला, तर तो तेथेच बाद होतो. प्रारंभी पालकाला जबाबदारीच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. श्वानाचे आरोग्य, सुरक्षितता आणि शेजाऱ्यांना त्याचा उपद्रव न होणे, या गोष्टी पालक त्यात स्वतःच्या शिरावर घेतो.

स्वभावाची परीक्षा

दुसरी परीक्षा 1977 मध्ये स्थापन झालेल्या ‘अमेरिकन टेम्परामेंट टेस्ट सोसायटी’ची. वाटेने फिरावयास निघालेल्या श्वानापुढे जे प्रसंग येऊ शकतात, ते येथे क्रमाने उभे केले जातात. एक परका मनुष्य अलिप्तपणे भेटतो, दुसरा सलगी करतो; खडे भरलेला डबा खडखडतो, बंदुकीचे बार होतात, समोर अकस्मात छत्री उघडते; प्लास्टिकवरून आणि तारेच्या जाळीवरून चालावे लागते; शेवटी विचित्र हावभाव करणारा एक मनुष्य धमकावू लागतो. हे सर्व चालू असता पालकाने दोरी सैल ठेवावयाची, श्वानाशी बोलावयाचे नाही, आज्ञा करावयाची नाही. श्वान दचकला म्हणून नापास होत नाही. दचकल्यावर तो सावरतो का, हे पाहिले जाते. विनाकारण आक्रमकता दाखवणारा किंवा भयाने गर्भगळित होऊन भानावर न येणारा श्वान नापास ठरतो.

या परीक्षेसाठी श्वानाचे वय किमान 18 महिने असावे लागते, आणि त्यामागे कारण आहे. सुमारे 3 ते 14 आठवड्यांच्या वयात पिल्लाला जगाची पहिली ओळख होते. पुढे सहाव्या महिन्यानंतर येणाऱ्या अडनिड्या वयात तोच श्वान कधी धीट, कधी भित्रा, तर कधी हट्टी वागतो. स्वभाव स्थिरावण्यापूर्वी दिलेला कौल भरवशाचा नसतो. ‘गुड सिटिझन’ परीक्षेला अशी वयाची अट नाही. तथापि पिल्लूपणी उत्तीर्ण झालेल्या श्वानाची मोठेपणी पुन्हा परीक्षा घ्यावी, अशी शिफारस तेथेही केली जाते.

सज्जतेच्या खुणा

घरच्या दिवाणखान्यात आज्ञा पाळणारा श्वान सज्ज आहे, असा समज सर्रास आढळतो. परंतु श्वान आज्ञेबरोबर जागाही लक्षात ठेवतो. दिवाणखान्यात शिकलेले ‘बस’ त्याला बाजाराच्या तोंडाशी आठवेलच असे नाही. म्हणून अंगण, गल्ली, बाग, वर्दळीचा रस्ता अशा चढत्या क्रमाने सराव व्हावा आणि प्रत्येक ठिकाणी नवी माणसे असावीत. एक साधी वही ठेवून दिनांक, स्थळ, कसोटी व परिणाम लिहिल्यास मनाची फसवणूक होत नाही. एखादी गोष्ट घराबाहेरच्या तीन-चार निरनिराळ्या ठिकाणी, खाऊ न दाखवता, पहिल्याच शब्दाला घडू लागली, म्हणजे ती पक्की झाली असे धरावयास हरकत नाही.

सज्जतेची याहून खोल खूण म्हणजे सावरण्याची शक्ती. भांडे पडले, श्वान दचकला, आणि क्षणात कान टवकारून त्या भांड्याचा वास घ्यायला गेला, तर तो तयार आहे. तो बराच वेळ कोपऱ्यात दडून राहिला, तर सराव हवा आणि धीरही हवा. शेपटी पायांत घेणे, पुन्हापुन्हा ओठ चाटणे, झोप नसता जांभया देणे, डोळ्यांचे पांढरे दिसणे, आवडता खाऊ नाकारणे ही मनावर ताण असल्याची लक्षणे होत. ती वारंवार दिसत असता परीक्षेला नेणे म्हणजे त्या मुक्या जिवाच्या भयावर आपल्या हौसेचा भार टाकणे होय. नुकताच घरी आणलेला, आजारी किंवा अंग दुखत असलेला श्वानही या काळात परीक्षेस बसवू नये.

गुरगुरणाऱ्या श्वानाला मारून गप्प करणे तर सर्वांत घातक. गुरगुरणे ही त्याची पूर्वसूचना असते. ती दाबली तर भय जात नाही. केवळ सूचना जाते, आणि पुढे तो न सांगता चावतो. अशा श्वानासाठी परीक्षेचा विचार बाजूस ठेवून पशुवैद्य व जाणकार प्रशिक्षकाचा सल्ला घ्यावा.

प्रमाणपत्राचे मोल

ताळेबंद ज्या तारखेचा असतो, त्या तारखेपुरताच बोलतो; प्रमाणपत्राचेही तसेच. उत्तीर्ण श्वानालाही लहान मुलाजवळ एकटे सोडू नये. उलट, नापास झालेला श्वान वाईट ठरत नाही. कोणती बाजू कच्ची आहे एवढेच त्यावरून कळते, आणि तयारी करून पुन्हा बसता येते.

आपल्या इमारतींत लिफ्टमधले शेजारी, जिन्यात धावणारी मुले, दारात येणारा कुरिअरवाला आणि दिवाळीचे फटाके या कसोट्या श्वानाला बाराही महिने द्याव्याच लागतात. परीक्षा दूर असली, तरी ती दहा कलमे घरच्या वहीत उतरवून घेण्यास पैसा लागत नाही. त्यांतील कोणते कलम आज जमत नाही, हे ज्या घराला प्रामाणिकपणे सांगता येते, त्या घराला तारीख ठरवण्याची घाई उरत नाही आणि श्वानालाही शिकावयास पुरेसा अवधी मिळतो.