नेटवर्कच्या आधी धावणारी जोडणी

लिनक्स संगणक सुरू होताना एफएसटॅब या फाइलीत नोंदवलेले फोल्डर जोडू लागतो. त्यात दुसऱ्या यंत्रावरचा सामायिक फोल्डर असेल, तर राउटरकडून पत्ता मिळण्याआधीच जोडणीचा प्रयत्न होऊन तो फसू शकतो. कधी पडदा 90 सेकंद अडून राहतो. संगणक सुरू करण्याचे काम सांभाळणाऱ्या सिस्टिमडी या प्रणालीची ती मूळ मुदत आहे. एफएसटॅबमधल्या त्या फोल्डरच्या नोंदीत ‘_नेटडेव्ह’ हा पर्याय लिहिला की संगणक नेटवर्कची वाट पाहतो, पण वायफायवर तेवढे पुरतेच असे नाही. ‘नोफेल’मुळे जोडणी फसली तरी संगणक सुरू होतो. सर्वांत भरवशाचा पर्याय ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ : फोल्डर पहिल्यांदा उघडताना, म्हणजे नेमका गरजेच्या वेळी, जोडला जातो. सामायिक फोल्डरचा पासवर्ड मात्र एफएसटॅबमध्ये कधीही लिहू नये. ही फाइल सहसा संगणकाच्या कोणत्याही वापरकर्त्याला वाचता येते.