शास्त्री ते फादर : नीळकंठ गोरे

मतांतर झाले म्हणजे पूर्वीची विद्या वाया जाते काय? १८९५ साली आपल्या मुंबईत निधन पावलेल्या नीळकंठशास्त्री गोरे यांचे चरित्र वेगळेच सांगते. काशीच्या या चित्पावन पंडिताने जॉन म्यूरच्या 'मतपरीक्षे'ला संस्कृतात 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहून उत्तर दिले. बायबल हाती घेतले तेही खंडनासाठीच! परंतु १८४८ साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन ते नेहेम्या झाले. १८७० साली त्यांना अँग्लिकन धर्मगुरूची दीक्षा मिळाली. तरी त्यांच्यातील शास्त्री लोपला नाही. 'षड्दर्शनदर्पण' या हिंदी ग्रंथात त्यांनी दर्शनांचा पूर्वपक्ष आधी मांडला, मगच खंडन केले. पंडिता रमाबाईंवरही त्यांच्या विचारांचा प्रभाव पडला. त्यांचा निष्कर्ष कोणास पटो वा न पटो. प्रतिपक्षाचा ग्रंथ मुळातून वाचण्याची त्यांची शिस्त मात्र प्रत्येक विद्यार्थ्याने उचलावी.