पंख आणि प्रकाश – लेखांक ९ : रंग पक्ष्याचा, उजेड आपला

मागच्या लेखात उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग कसा निवडायचा ते पाहिलं. आज कार्ड संगणकाला लावू. विषय आहे कलात्मक एडिटिंगचा, आणि उदाहरणाला एकच पक्षी घेऊ : मोठा रोहित, म्हणजे ग्रेटर फ्लेमिंगो. एडिटिंगच्या हातून इतका छळ दुसऱ्या पक्ष्याचा क्वचितच होत असेल.

पुणे-सोलापूर महामार्गावर, पुण्यापासून साधारण १०० किलोमीटरवर भिगवण लागतं. भीमा नदीवरच्या उजनी धरणाचा फुगवटा इथवर पसरलेला आहे. हिवाळा सरू लागला की पाणी ओसरतं, उथळ चिखलपट्टे उघडे पडतात आणि रोहितांचे थवे त्यात माना घालून चरू लागतात. कुंभारगाव, डिकसळच्या काठावरून स्थानिक मच्छीमारांच्या होड्या पहाटेच निघतात आणि प्रत्येक होडीत दोन-तीन लांब लेन्स असतातच. या लेन्सांतून आलेले पक्षी संध्याकाळी मोबाइलवर फिरतात तेव्हा मात्र रोझ सरबतात बुडवून काढल्यासारखे दिसतात. भिगवणच्या धुक्यात असा गुलाबी रंग कुणी पाहिलेला नसतो.

मग खरा रंग कोणता? रोहिताचं पिल्लू राखाडी असतं. गुलाबी रंग तो जन्मतः आणत नाही, खाऊन मिळवतो. शेवाळ आणि बारीक कवचधारी जीव यांच्यातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं पोटात जातात, शरीरात त्यांचं रूपांतर होतं आणि ती पिसांत, चोचीत, पायांत उतरतात. पुरता प्रौढ रंग चढायला काही वर्षं लागतात, म्हणून थव्यातला मळकट पक्षी आपलं वय सांगत असतो. स्पेनमधल्या संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. जोडीदार निवडण्याच्या दिवसांत मोठे रोहित शेपटीच्या बुडाशी असलेल्या तैलग्रंथीचा रंगद्रव्य मिसळलेला स्राव पिसांना चोळतात. तो रंग फार काळ टिकत नाही, पुन्हा पुन्हा लावावा लागतो. म्हणजे रंगाच्या गडदपणात ऋतूचीही खूण असते.

जात ओळखायलाही रंग लागतो. मोठा रोहित बहुतांशी पांढरा असतो, अंगावर गुलाबीची नुसती झाक. भडक लालसर पट्टा असतो तो पंखांच्या आवरणपिसांवर, आणि पंख मिटलेले असताना तो जेमतेम डोकावतो. चोच गुलाबी, टोक काळं. छोटा रोहित बुटका, अंगाने जास्त गुलाबी आणि चोचीने गडद. ठाण्याच्या खाडीत दोन्ही जाती दिसतात. सॅच्युरेशनची पट्टी बेफाम उजवीकडे सरकवली की मोठा रोहित छोट्याकडे झुकू लागतो आणि साधा दिवस विणीचा हंगाम वाटू लागतो. फोटो आकर्षक होतो, पण पक्ष्याने दिलेली सगळी माहिती त्यात पुसली जाते.

आधी होडीत

रंग नासण्याची सुरुवात बहुतेकदा एक्स्पोजरपासून होते. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. धुक्याच्या सकाळी पाणी, आकाश, पक्षी सगळंच उजळ असतं, आणि मीटर ते ओढून राखाडीवर आणतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १ च्या आसपास न्या. तोच पक्षी ऊन वर आल्यावर काळपट पाण्यासमोर उभा असेल तर प्रकार उलटा : चौकटीतला अंधार पाहून मीटर उजेड वाढवतो आणि पांढरी पिसं जळून जातात. तिथे उणे ०.७ पासून सुरुवात करा. ‘पांढरा पक्षी म्हणजे नेहमी अधिक’ हे पाठ करून ठेवू नका. पक्ष्यामागे काय आहे ते आधी बघा.

हिस्टोग्राम पाहताना लाल, हिरवा आणि निळा असे तीन स्वतंत्र आलेख दिसतील अशी सेटिंग ठेवा. कोवळं ऊन आवरणपिसांवर पडलं की लाल चॅनेल इतर दोघांच्या आधी भरतो. उजेडाचा एकत्रित आलेख तेव्हाही बिनधास्त दिसत असतो, आणि घरी येऊन पाहावं तर पिसांच्या कडा गायब, उरतो एक सपाट लाल डाग. लाल आलेख उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्स्पोजर थोडं उतरवा. फाइल रॉमध्येच घ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. हलक्या गुलाबीपासून पांढऱ्यापर्यंतचा प्रवास या पायऱ्यांवरच होतो. पण पुरता भरलेला चॅनेल रॉसुद्धा थोडाफारच वाचवू शकते.

मग संगणकावर

आपल्याला हवा आहे हाय-की फोटो : धुकं, जवळजवळ पांढरं पाणी, त्यात एकटा रोहित. लाइटरूम असो की फुकट मिळणारं डार्कटेबल, पट्ट्यांची नावं थोडी बदलतील, क्रम हाच ठेवा.

पहिला व्हाइट बॅलन्स. धुक्यात फाइल निळसर येते आणि रोहित जांभळट दिसतो. पुष्कळ जण इथेच सॅच्युरेशन वाढवतात, आणि जांभळा आणखी जांभळा होतो. त्याऐवजी तापमानाची पट्टी जराशी उबेकडे न्या. खात्री करायला त्याच वेळचा उडत्या पक्ष्याचा फोटो उघडा : त्याची उड्डाणपिसं काळी दिसायला हवीत, निळी नकोत. मात्र सूर्योदयाचा सोनेरी उजेड खरोखरच पडलेला असेल तर पांढऱ्याला पांढरं करण्याच्या नादात तो घालवू नका. तो त्या सकाळचाच भाग आहे.

दुसरं काम उजेडाचं. एक्स्पोजर वर, हायलाइट्स खाली. दोन्ही एकत्र केलं की चित्र उजळतं आणि पाठीवरच्या पिसांची वीणही टिकते.

तिसरं पार्श्वभूमीचं, आणि इथे घाई करू नका. पक्षी निवडायचा, निवड उलटी करायची आणि पाणी उजळवायचं, एवढं सोपं वाटतं. पण आपोआप होणारी निवड रोहिताचे काटकुळे पाय सोडून देते. मग पाण्याबरोबर पायही उजळतात आणि पक्षी अधांतरी तरंगतो. पाय ब्रशने हाताने निवडा. प्रतिबिंबालाही निवडीत घ्या, नाहीतर वर पक्षी आणि खाली नुसता कागद असं विचित्र दृश्य तयार होईल. पाणी पूर्ण पांढरं करण्याचा मोह टाळा. २५५ हा शेवटचा आकडा आहे. २४५ च्या आसपास थांबलात तर छापताना कागदावर शाईचा हलका थर पडतो आणि चौकटीची कड शाबूत राहते.

एवढं झाल्यावर रंगाकडे वळा. रोहिताचा गुलाबी रंग कलर मिक्सरमध्ये लाल, नारिंगी आणि मॅजेंटा अशा तीन खणांत विभागलेला असतो. सॅच्युरेशनला हात न लावता लाल आणि नारिंगीचं ल्युमिनन्स किंचित कमी करून पाहा. रंग भडक न होता भरतो. उजळ पार्श्वभूमीवर थोडाही रंग उठून दिसतो, त्यामुळे हाय-कीत गुलाबी वाढवायची गरजच कमी पडते.

शेवटी चौकट. पक्षी ज्या बाजूला पाहतोय किंवा चालतोय तिकडे जागा सोडा, आणि सोडायचीच तर भरपूर सोडा. पक्ष्याला चौकटीच्या एक तृतीयांशात बसवून बाकीचं पाणी रिकामं ठेवलं तर उजनीचा विस्तार जाणवतो. पक्षी मोठा दिसावा म्हणून कापत गेलात तर तो धुक्यातून बाहेर पडतो आणि हाय-कीचं कारणच उरत नाही.

कुठे थांबायचं

इतकं केल्यावर याला खरा फोटो म्हणायचं का? छायाचित्रणाइतकाच जुना प्रश्न आहे. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी ‘मूनराइज, हर्नांडेझ’ हा प्रसिद्ध फोटो १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोत घेतला. त्याच एका निगेटिव्हच्या प्रिंट ते पुढे कित्येक वर्षं काढत राहिले. सुरुवातीच्या प्रिंटमध्ये आकाश करडं आहे, नंतरच्या प्रिंटमध्ये जवळपास काळं. पण चंद्र जागचा हलला नाही, की दफनभूमीतले क्रूस वाढले नाहीत. उलट उदाहरण आर्ट वुल्फ यांच्या ‘मायग्रेशन्स’ या १९९४ च्या पुस्तकाचं. मुखपृष्ठावरच्या झेब्र्यांच्या कळपात काही झेब्रे डिजिटल पद्धतीने भरलेले होते, आणि त्यावरून निसर्गछायाचित्रकारांत मोठा वाद झाला.

या दोन उदाहरणांच्या मधून आपली रेषा जाते. उजेड, गडद-फिकं, चौकट आणि रिकामी जागा यांवर आपला हक्क आहे. जात, वय, संख्या, ठिकाण आणि कृती पक्ष्याची आहे. शेजारचा पक्षी पुसून एकटेपणा आणणं किंवा कापला गेलेला पंख एआयकडून पुरा करून घेणं रेषेपलीकडचं. नॉइज काढणारी नवी साधनं कधीकधी नसलेली पिसंही रेखाटून ठेवतात, तेव्हा १०० टक्के मोठं करून मूळ फाइलशी ताडून बघा. जुन्या कागदाचा पोत चढवायचा असेल, जलरंगासारखा परिणाम हवा असेल, तर खुशाल करा. फोटोखाली ‘डिजिटल चित्र’ असं लिहिलं की कुणाची फसवणूक होत नाही. ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’सारखी स्पर्धा पुढच्या फेरीत मूळ रॉ फाइल मागते, तीही याच कारणाने.

याच रेषेची एक बाजू पाण्यावरही आहे. पंखांतला लाल पट्टा उडतानाच नीट दिसतो, त्यामुळे “दादा, होडी जरा आत घ्या, उडतील” अशी गळ नावाड्याला घातली जाते. दादांचं पोट पर्यटकांवर असतं, त्यांना नाही म्हणणं जड जातं. उडवलेल्या थव्याचं चरणं मोडतं आणि खाऊन कमावलेली ताकद वाया जाते. चरता चरता रोहित पंख ताणतात, आळस देतात. थोडं थांबलं की तो पट्टा न उडवताही मिळतो.

या आठवड्याचा सराव

कोणत्याही फिकट रंगाच्या पक्ष्याची एक रॉ फाइल घ्या. गायबगळा चालेल, पांढरा शराटी चालेल. तिच्या दोन आवृत्त्या करा : एक जशी दिसली तशी, दुसरी हाय-की. दुसरी आवृत्ती पक्षी ओळखणाऱ्या मित्राला दाखवा. जागा आणि तारीख न सांगता त्याला जात, वय आणि विणीचा साज आहे की नाही, एवढं विचारा. उत्तरं बरोबर आली तर तुमचं एडिटिंग कलात्मक आणि प्रामाणिक, दोन्ही झालं. चुकली तर कोणती पट्टी जास्त सरकली ते शोधा. बहुतेक वेळा ती सॅच्युरेशनची निघेल.

पुढच्या आठवड्यात याच्या नेमकं उलट काम : पाणकावळा, कोतवाल आणि नर कोकीळ. काळ्या पिसांतली चमक दाखवायची, आणि तीही काळ्याला करडं न करता.