फडाचं पाणी आणि शहाणा लबाड

सद्गुण ही रोजच्या कृतीतून मुरणारी सवय, असं सांगणाऱ्या ॲरिस्टॉटलपाशी गेल्या आठवड्यात थांबलो होतो. या आठवड्यात डेव्हिड ह्यूम. त्याचा सवयींपेक्षा हिशेबावर भरवसा जास्त. 'अ ट्रीटाइज ऑफ ह्यूमन नेचर' (१७३९-४०) या ग्रंथात तो म्हणतो: सामाईक कुरणात साचलेलं पाणी दोन शेजारी मिळून काढतील, कारण एकानं अंग काढलं की काम बुडतं हे दोघांनाही दिसतं. हजार जणांना ते साधत नाही. जो तो ओझं दुसऱ्यावर ढकलतो. त्यावर ह्यूमचा उपाय सरकार.

साक्री-धुळ्याकडे पांझरेच्या काठी मात्र पाणीवाटप गावकऱ्यांनीच सांभाळलं, आणि तेही तीन-चारशे वर्षं. हीच फड पद्धत. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली भिजणारं सगळं क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात ज्वारी, पुढे फेरपालट. शेतकऱ्याची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. पाणी कमी पडलं की अख्खा फडच कोरडा ठेवायचा, म्हणजे झळ एकट्यादुकट्याला लागत नाही.

याहून हुशारीची गोष्ट पाटकऱ्याची. आपल्या शेताला पाणी आपण द्यायचंच नाही. ते पाटकरी देणार. त्याच्यावर हवालदार, पिकाच्या राखणीला जागल्या, आणि मेहनताना पिकातून. पीक बुडालं तर पाटकऱ्याचंही पोट बुडालं. यात कुणी संत असावा लागत नाही. सामाईक साधनं लोक स्वतः नियम करून टिकवतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. पांझरेकाठच्या म्हाताऱ्यांना त्यात नवल वाटलं नसतं.

मग विहिरी आल्या, विजेच्या मोटारी आल्या आणि कित्येक थळांची घडी विस्कटली. माणसं बिघडली, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्याची मोटार त्याच्या हातात, त्याला बंधाऱ्याचा गाळ काढायला जायचं कारणच उरलं नाही.

ह्यूमला ही फट दिसली होती. १७५१ च्या ग्रंथात तो एक शहाणा लबाड उभा करतो: नियम सगळ्यांनी पाळावेत, आपण मात्र संधी साधून सूट घ्यावी, असं मानणारा. अशाला युक्तिवादानं गप्प करणं अवघड, अशी कबुलीही देतो. पण विहीरवाला लबाडसुद्धा नाही. तो पाट फोडत नाही, कुणाचं पाणी चोरत नाही, फक्त येत नाही. त्यातून पाटाखालच्या विहिरीला पाझर बराचसा त्या पाटाचाच. त्याचं देणं लागतं का, आणि कुणाचं? ह्यूमच्या हिशेबात याची नोंद कुठं करायची ते मला सापडत नाही. पुढच्या आठवड्यात कांटला विचारू.