बर्फ, मीठ आणि मोटारीचा रंग

अमेरिकेतील मिशिगन राज्यामधील डेट्रॉइट हे शहर मोटारींच्या कारखान्यांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. त्या शहराच्या पोटात, जमिनीखाली सुमारे ११०० फूट खोलीवर, मिठाची एक विस्तीर्ण खाण आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणास ठाऊक नसते. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्या प्रदेशावर पसरलेला समुद्र आटला आणि त्याच्या तळाशी मिठाचे जाड थर साचून राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते खणून काढण्यास सुरुवात झाली. तेथून निघणारे मीठ आज मुख्यतः हिवाळ्यात रस्त्यांवर पसरण्यासाठी वापरले जाते. ज्या नगरीने मोटार घरोघरी पोचवली, तिच्याच पायाखाली मोटारीच्या पत्र्याचा शत्रू साठवलेला असावा, हा योगायोग मोठा चमत्कारिक म्हटला पाहिजे.

ज्याने हिमवृष्टी केवळ चित्रांत पाहिली आहे, त्याची अशी समजूत होणे साहजिक आहे की, थंड प्रदेशात मोटारीचा रंग बर्फामुळेच खराब होत असावा. वस्तुतः ताजे हिम हे बहुतांशी शुद्ध पाणीच असते. त्याचा थर रात्रभर मोटारीवर पडून राहिला तरी चांगल्या रंगाचे फारसे काही बिघडत नाही. हानी होते ती बर्फ वितळवण्यासाठी माणसाने योजलेल्या उपायाने. निसरड्या रस्त्यावर चाके घसरून अपघात होतात. ते टाळावेत म्हणून न्यू हॅम्पशायर राज्यात १९३८ साली रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग करण्यात आला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत अमेरिकेच्या थंड राज्यांत सर्रास रूढ झाली. आता एकट्या अमेरिकेत वर्षाकाठी सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते.

हाताने फिरवण्याच्या पात्रात आइस्क्रीम करताना आतील डब्याभोवतीच्या बर्फात खडेमीठ घालतात, हे अनेक वाचकांनी पाहिले असेल. रस्त्यावरील मिठाचे तत्त्व तेच आहे. शुद्ध पाणी ०° सेल्सिअसला गोठते; त्यात मीठ विरघळले की गोठणबिंदू खाली उतरतो. द्रावणात वजनाने सुमारे २३ टक्के मीठ असेल तर ते −२१° पर्यंत द्रवरूप राहते. रस्त्यावर अर्थात इतके तीव्र द्रावण टिकत नाही, आणि साधारण −९° च्या खाली साध्या मिठाचे काम फार मंदावते. म्हणून कडक थंडीत त्याला कॅल्शियम क्लोराइड अथवा मॅग्नेशियम क्लोराइड यांची जोड देतात. कॅल्शियम क्लोराइडचे योग्य प्रमाणातील द्रावण −५०° च्या आसपासपर्यंत गोठत नाही. शिवाय हे दोन्ही क्षार हवेतील ओल सहज ओढून घेतात, त्यामुळे ते ज्यावर बसतील ती वस्तू लवकर वाळत नाही. अशा रीतीने प्रवासी निर्धोकपणे घरी पोचतो खरा. परंतु त्याच्या मोटारीच्या तळावर, चाकांवरील कमानींत आणि दारांच्या खालच्या कडांवर खारट, करड्या चिखलाचा लेप बसलेला असतो.

मोटारीचा रंग हा एकच थर नव्हे. पत्रा पोलादाचा असतो आणि आता त्यावर बहुधा जस्ताचा मुलामा दिलेला असतो. त्यावर प्रथम फॉस्फेटचा सूक्ष्म थर, मग विजेच्या प्रवाहाच्या साहाय्याने चढवलेले अस्तर, त्यावर आणखी एक अस्तर, नंतर प्रत्यक्ष रंग आणि सर्वांवर पारदर्शक रोगण अशी ही रचना असते. हे सारे थर मिळून जाडी भरते ती मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी किंवा त्याहून थोडी अधिक. हे कवच अभंग असेपर्यंत मिठाचे काही चालत नाही. परंतु रस्त्यावर मिठाबरोबर वाळू व बारीक खडीही टाकलेली असते. पुढच्या वाहनाच्या चाकाने उडवलेला खडा बॉनेटवर आदळला की टाचणीच्या डोक्याएवढा टवका उडतो. तेवढा पुरेसा होतो.

लोखंड, पाणी व ऑक्सिजन यांच्या संयोगाने गंज तयार होतो, एवढे शाळेत शिकवले जाते. परंतु ही क्रिया प्रत्यक्षात एखाद्या छोट्या विद्युत्-घटासारखी चालते, आणि हे ध्यानात घेतल्याखेरीज मोटार नेमकी कोठे व का गंजते ते उलगडत नाही. केंब्रिज येथील शास्त्रज्ञ यूलिक इव्हान्स यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात यासंबंधी एक अतिशय साधा प्रयोग केला. शिक्षकांच्या देखरेखीखाली तो शाळेच्या प्रयोगशाळेतही करून पाहण्यासारखा आहे. घासून स्वच्छ केलेल्या पोलादी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवतात. त्या पाण्यात अगोदर थोडे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलीन मिसळलेले असते. काही वेळाने थेंबाचा मध्यभाग निळा दिसू लागतो आणि त्याची कडा गुलाबी होते. निळा रंग हा मध्यभागी लोखंड विरघळत असल्याचा पुरावा होय. कडेला पाणी व ऑक्सिजन यांच्यापासून अल्कली तयार होत असते, तिच्यामुळे गुलाबी रंग येतो. दोहोंच्या मधल्या भागात पुढे तांबूस गंजाचे कडे उमटते.

या प्रयोगातील मर्म असे की, हवा थेंबाच्या कडेला सहज पोचते, मध्यापर्यंत तितकीशी पोचत नाही. आणि धातू खाल्ला जातो तो मात्र जेथे ऑक्सिजन कमी तेथे. इलेक्ट्रॉन पत्र्यातून मध्याकडून कडेकडे जातात व आयन पाण्यातून वाहून मंडल पूर्ण करतात. शुद्ध पाणी विजेचे फार मंद वाहक असल्यामुळे हा घट रेंगाळत चालतो. त्यात मीठ मिसळताच तो जोमाने चालू लागतो. शिवाय क्लोराइड आयन लोखंडावरील संरक्षक ऑक्साइडचा पापुद्रा टिकू देत नाहीत. कोकण किनाऱ्यावरील घरांच्या खिडक्यांचे गज देशावरील गजांपेक्षा लवकर का झिजतात, याचेही कारण हेच. तेथे मीठ समुद्रावरच्या वाऱ्याने येते, इतकाच काय तो फरक.

मोटारीत थेंबाच्या मध्यभागाची जागा घेतात त्या चिखल दबून बसलेल्या कमानी आणि दोन पत्र्यांमधील सांध्यांच्या फटी. जेथे हवा पोचत नाही व ओल सुटत नाही, तेथे गंज गुपचूप खोल जातो. टवक्यापाशी वेगळाच प्रकार घडतो. तेथे तयार होणारी अल्कली रंगाची पत्र्यावरील पकड सैल करते आणि ओल रंगाखाली सरकत जाते. ज्या लोखंडापासून गंज झाला त्याहून त्याचे आकारमान पुष्कळ मोठे असल्यामुळे तो रंगाला खालून वर उचलतो. रंगावर फोड दिसू लागतो तेव्हा आतले काम बरेच पुढे गेलेले असते. जस्ताचा मुलामा या क्रियेला दीर्घकाळ थोपवून धरतो, कारण लोखंडाऐवजी प्रथम जस्त स्वतःला खर्ची घालते. पण तेही अखेर संपणारेच.

आता थंडीचा विचार करू जाता एक अनपेक्षित गोष्ट आढळते. रासायनिक क्रिया उष्णतेने वेग घेतात आणि थंडीने मंदावतात. −२०° तापमानात उघड्यावर उभी असलेली खारट मोटार फार सावकाश गंजते. तीच मोटार रात्री ऊबदार गॅरेजमध्ये नेऊन ठेवली तर साचलेले बर्फ वितळते, मिठाचे द्रावण प्रत्येक फटीत झिरपते आणि घट सकाळपर्यंत जोरात चालतो. मालकाला मात्र आपण मोटारीची काळजी घेत आहोत असे वाटत असते! गॅरेज वाईट असे नव्हे. न धुतलेली मोटार त्यात ठेवणे वाईट.

धुण्याचे तंत्र याच विचारातून निघते. सुदैवाने मीठ पाण्यात सहज विरघळते, तेव्हा निम्मेअधिक काम साध्या पाण्यानेच होते. मीठ पडत असलेल्या दिवसांत दहा-पंधरा दिवसांतून एकदा मोटार धुवावी. त्यासाठी तापमान शून्याच्या वर, शक्य तर ४°-५° असेल असा दिवस व दुपारची वेळ निवडावी. याहून थंडी असेल तर घरी खटाटोप करण्यात अर्थ नाही. पाणी रंगावरच गोठते. अशा वेळी आडोशाच्या धुलाई-केंद्रात जाणे बरे. काही केंद्रांत तेच पाणी गाळून पुन्हा वापरतात, म्हणून शेवटचे पाणी ताजे आहे ना, एवढे विचारून घ्यावे. जर्मनीतील अनेक नगरपालिकांनी तर तेलकट पाणी जमिनीत मुरू नये म्हणून रस्त्यावर वा मातीच्या अंगणात मोटार धुण्यास मनाईच केली आहे.

प्रथम तळ व कमानी पाण्याच्या झोताने मोकळ्या कराव्यात, मग वरचा भाग. रंगावरील वाळू झोताने वाहून जाण्यापूर्वी त्यास स्पंज लावू नये. वाळूवरून फिरवलेला स्पंज काचकागदाचेच काम करतो. पाणी कोमट चालते, कढत नको, कारण गोठलेली काच एकाएकी तापल्याने तडकू शकते. भांडी घासण्याचा साबण टाळावा. तो चिखलाबरोबर संरक्षक मेणही काढून नेतो. घट्ट बसलेले बर्फ रंगावरून खरवडून काढण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्याचे ओरखडे उन्हाळ्यात दिसतात. मऊ कुंच्याने वरचे भुसभुशीत हिम झाडावे आणि खालचा पातळ थर आपोआप वितळू द्यावा.

धुतल्यानंतर मोटार पुसणे हा हौसेचा भाग नव्हे. दारांच्या चौकटी, रबरी पट्ट्या, कुलपे व इंधनटाकीचे झाकण कोरडे केले नाही तर दुसऱ्या दिवशी दार उघडत नाही, आणि जोराने ओढले तर रबर फाटते. रबरावर सिलिकोनचा हात फिरवल्यास ते चिकटत नाही. शेवटी मोटार थोडी चालवून दोन-चार वेळा हलकेच ब्रेक दाबावेत, म्हणजे तेही कोरडे होतात.

मेण लावावयाचे ते हिवाळ्यापूर्वी, शरद ऋतूतील उबदार दिवशी, धुऊन कोरड्या केलेल्या रंगावर. या कामी नावाजलेले कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळते. ते ८०° हून अधिक तापमानाला वितळते व वाळल्यावर कठीण, चकचकीत होते. त्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन ओघळते आणि मीठ टिकून राहत नाही. खड्याचा मार मात्र मेण अडवू शकत नाही. म्हणून जुने टवके अगोदरच स्वच्छ व कोरडे करून अस्तर आणि रंग यांनी बुजवावेत.

या साऱ्यात तळाकडे दुर्लक्ष होते, कारण तो दिसत नाही. तेथून ब्रेकच्या पोलादी नळ्या जातात. त्या गंजून फुटल्या तर ब्रेकच निकामी होण्याची भीती असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१५ साली मिठाच्या प्रदेशांतील जुन्या मोटारींच्या मालकांना याविषयी सावध केले, आणि हिवाळाभर तळ धूत राहावा व वसंतात तो पुन्हा एकदा कसून धुवावा असा सल्ला दिला. वसंतातील ही धुलाई सर्वांत महत्त्वाची. हवा उबदार होऊ लागते आणि हिवाळाभर साचलेल्या मिठाला हवी तशी ऊब मिळते. दारांच्या खालच्या कडेस पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे असतात. ती चिखलाने बुजलेली असल्यास लाकडी काडीने मोकळी करावीत आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत ओतत राहावे.