पाळी गेल्यावर पुन्हा डाग? लाजू नका!

पाळी कायमची थांबली की बाईला हायसं वाटतं. मग चार-सहा वर्षांनी एक दिवस कपड्यावर लाल डाग दिसतो, किंवा अंगावरून पाण्यासारखं जात राहतं. ‘उष्णता झाली असेल’ म्हणून ती धण्या-जिऱ्याचं पाणी पिते नि गप्प बसते. सुनेला सांगायचा संकोच, डॉक्टरांकडे जायची त्याहून लाज! भगिनींनो, ही लाज महागात पडू शकते.

गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना साधारण चार इंच लांबीची एकेक बारीक नळी असते. बीजकोशातून सुटलेलं स्त्रीबीज याच वाटेनं गर्भाशयात येतं. फालोपिओ या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५६१ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती फॅलोपियन ट्यूब. या नळीलाही कॅन्सर होतो. पूर्वी तो फारच दुर्मिळ समजत. पण बीजकोशाचा म्हणून ओळखला जाणारा कॅन्सर पुष्कळदा नळीच्या झालरीसारख्या टोकाशीच सुरू होतो, हे आता कळलं आहे.

लक्षणं कोणती? पाळी गेल्यावर रक्त किंवा पाणी जाणं, ओटीपोटात दुखणं, पोट फुगणं, दोन घासांतच पोट भरणं, सारखी लघवीला होणं. दर वेळी कॅन्सरच असतो असं मुळीच नाही. पण तपासल्याशिवाय कळणार कसं?

‘माझी पॅप तपासणी चांगली आली होती’ म्हणून निर्धास्त राहू नका. ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची. नळीसाठी डॉक्टर आतून तपासतात, सोनोग्राफी करतात, सीए-१२५ ही रक्ताची तपासणी सांगतात. रोग आढळलाच, तर शस्त्रक्रिया आणि बहुधा केमोथेरपी. जितका लवकर सापडेल, तितकी बरं होण्याची आशा अधिक.

आई, बहीण, मावशी यांच्यापैकी कुणाला स्तनाचा किंवा बीजकोशाचा कॅन्सर झाला असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. आत्यालाही विसरू नका हं! बीआरसीए हा जनुकातला दोष वडिलांकडूनही मुलीत उतरतो.

आणखी एक. काही कारणाने पिशवी काढायची ठरली असेल, तर ‘नळ्याही काढायच्या का?’ असं जरूर विचारा. बीजकोश ठेवून नुसत्या नळ्या काढता येतात, आणि पुढचा धोका कमी होतो.

घरातल्या सगळ्यांच्या दुखण्याखुपण्याकडे आपण लक्ष देतो. तेवढंच स्वतःकडेही द्या. डाग दिसला, की त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा!