हमिंगबर्ड? अहो, शिंजीर!

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत जास्वंदीवर चिमुकला पक्षी दिसला की कुणीतरी ‘हमिंगबर्ड!’ म्हणून ग्रुपवर फोटो टाकतंच. मी हटकून लिहिते, हमिंगबर्ड फक्त दोन्ही अमेरिका खंडांत. हा आपला शिंजीर. मध दोघंही पितात, पण तो हवेत तरंगत, हा बहुधा फांदीवर बसून. हमिंगबर्ड थंडीत काय करतात विचाराल, तर त्यांच्यातला अँडीजमधला काळा मेटलटेल रात्री शरीराचं तापमान 3 अंशांच्या आसपास उतरवतो आणि ऊर्जा वाचवतो!

आपला खरा मानकरी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात: लाल गळ्या-छातीचा, मुख्यतः सह्याद्रीतच राहणारा विगोर्सचा शिंजीर. 1832 मध्ये कर्नल साइक्सने त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. बांडगुळाच्या फुलांवर तो तुटून पडतो; आमचे माळीबुवा मात्र बांडगूळ दिसलं की कोयता काढतात.